शिक्षेनंतरची वकिली : फाशीच्या कैद्यांच्या बचावाचे शिक्षण आणि तालुक्याचे काम

न्यायाधीशांनी फाशीची शिक्षा सुनावली की खटला संपला, अशी सर्वसाधारण समजूत आहे. कायद्याच्या हिशेबाने तिथून पुढची वाट बरीच लांब असते. सत्र न्यायालयाने दिलेली फाशी उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही. त्यापुढे सर्वोच्च न्यायालयातले अपील, पुनर्विचार याचिका, क्युरेटिव्ह याचिका, राज्यपाल आणि राष्ट्रपती यांच्याकडचा दयेचा अर्ज, तो फेटाळला गेल्यास त्या निर्णयाला आव्हान, आणि अखेरीस सत्र न्यायालयाने काढलेले फाशीचे वॉरंट कायद्याला धरून आहे की नाही याची तपासणी, अशा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीवर वकील लागतो आणि प्रत्येक पायरीवरचे काम वेगळे असते. हे काम शिकवता येते, किंबहुना शिकवल्याशिवाय येत नाही, ही जाणीव आपल्या देशात संस्थेच्या रूपाने उभी राहिली ती गेल्या बारा-तेरा वर्षांत. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठातील मृत्युदंड केंद्र, म्हणजेच पुढचे ‘प्रोजेक्ट ३९ ए’, ही ती संस्था. तिचा इतिहास यवत, दौंड, शिरूरच्या वाचकांसमोर मांडण्याचे कारण एवढेच नाही की त्यातले काही महत्त्वाचे खटले पुणे जिल्ह्यातले आहेत. या इतिहासातून एक निष्कर्ष निघतो आणि तो थेट तालुक्याच्या दारात येऊन उभा राहतो. फाशीच्या कैद्याचा बचाव दिल्लीत मांडला जातो, पण त्या बचावाचा पुरावा गावात असतो. म्हणून हे शिक्षण दिल्ली-मुंबईत थांबून चालणार नाही, ते तालुक्याच्या वकिलापर्यंत पोचले पाहिजे. हे म्हणणे पुराव्यांनिशी मांडावे, हा या लेखाचा हेतू आहे.

पार्श्वभूमी

गरीब आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळाला पाहिजे, हे तत्त्व आपल्याकडे नवे नाही. १९७६ साली बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत अनुच्छेद ३९ अ आला आणि मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरले. १९७८ साली एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र शासन या खटल्यात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हे तत्त्व तुरुंगाच्या दरवाजाच्या आत नेले. शिक्षा झालेल्या कैद्याला निकालाची प्रत वेळेत आणि विनामूल्य मिळाली पाहिजे आणि अपिलासाठी वकीलही मिळाला पाहिजे, असे त्या निकालाने सांगितले. म्हणजे शिक्षेनंतरच्या वकिलीचा पहिला ठळक निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आला. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा १९९५ मध्ये अमलात आला आणि राज्य, जिल्हा व तालुका अशी विधी सेवेची उतरंड तयार झाली. दुसऱ्या बाजूने, १९८० च्या बच्चन सिंग निकालाने फाशी घटनाबाह्य नाही असे सांगितले, मात्र ती ‘दुर्मिळातील दुर्मीळ’ प्रकरणातच द्यावी आणि ती देताना गुन्ह्याइतकाच गुन्हेगारही पाहावा, अशी अट घातली. गुन्हेगार पाहायचा म्हणजे त्याचे बालपण, दारिद्र्य, शिक्षण, मनाचे आजार आणि सुधारण्याची शक्यता पाहायची. न्यायाधीशाने हे पाहावे यासाठी कोणीतरी ते शोधून, कागदावर आणून त्याच्यासमोर ठेवले पाहिजे. ते कोणी ठेवायचे आणि कसे, याचे शिक्षण मात्र विधी महाविद्यालयात नव्हते आणि बार असोसिएशनच्या कार्यक्रमांतही नव्हते. हक्क मान्य झाला होता, तो वापरण्याचे कसब तयार झाले नव्हते.

या उणिवेची किंमत काय असते ते पुण्याच्याच एका खटल्याने दाखवले. संतोषकुमार बारियार विरुद्ध महाराष्ट्र शासन या २००९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पुण्यातल्या एका अपहरण आणि खुनाच्या प्रकरणातली फाशी रद्द करून जन्मठेप दिली. त्याच निकालात न्यायालयाने मान्य केले की १९९६ च्या रावजी खटल्याचा निकाल फक्त गुन्हा पाहणारा होता, गुन्हेगार न पाहणारा होता, म्हणून बच्चन सिंग निकालाशी विसंगत होता, आणि त्यावर विसंबून पुढेही अनेकांना फाशी दिली गेली होती. २०१२ साली चौदा निवृत्त न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून अशा चुकीच्या पायावर फाशी झालेल्या तेरा कैद्यांची शिक्षा कमी करण्याची विनंती केली. देशातल्या सर्वोच्च न्यायालयाचा कायद्याचा आधार तेरा वर्षे चुकलेला राहतो आणि ते लक्षात आणून द्यायला इतका काळ लागतो, याचा अर्थ न्यायाधीशांच्या समोर उभे राहून ही चूक दाखवणारी सज्ज फळी तेव्हा नव्हती.

संस्थेची उभारणी

२०१३ साली दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात अनुप सुरेंद्रनाथ यांच्या नेतृत्वाखाली देशातल्या फाशीच्या सर्व कैद्यांना भेटण्याचा उपक्रम सुरू झाला. त्या कामातूनच २०१४ साली मृत्युदंड केंद्र स्थापन झाले. विद्यार्थी आणि तरुण वकील राज्याराज्यांतल्या तुरुंगांत गेले, कैद्यांच्या घरी गेले, कुटुंबीयांशी बोलले. त्या काळात फाशीची शिक्षा असलेल्या ३८५ कैद्यांपैकी ३७३ जण या अभ्यासात सहभागी झाले, त्यांपैकी ३६ महाराष्ट्रातले होते. मे २०१६ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला आणि आजवर अंदाजाने बोलल्या जाणाऱ्या गोष्टींना आकडे मिळाले. जवळजवळ तीन चतुर्थांश कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल होते. शाळेचे तोंड न पाहिलेल्यांचे प्रमाण २३ टक्के होते. उच्च न्यायालयात आपली बाजू मांडणाऱ्या वकिलाशी कधी बोलणेच झाले नाही, असे सांगणारे सुमारे ६८ टक्के होते. सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचलेल्यांपैकी सुमारे ४४ टक्क्यांना आपल्या वकिलाचे नावही माहीत नव्हते. अहवालातला आणखी एक आकडा वकिलीच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. सत्र न्यायालयांनी फाशी दिलेल्या ज्या १,४८६ जणांच्या प्रकरणांचा शेवट या अभ्यासात तपासता आला, त्यांपैकी फक्त ७३ जणांची, म्हणजे पाच टक्क्यांहूनही कमी लोकांची फाशी वरच्या न्यायालयांत टिकली. ९७० जणांची शिक्षा कमी झाली आणि ४४३ जण निर्दोष सुटले. खालच्या न्यायालयाचा फाशीचा निर्णय वर जाऊन शंभरातल्या पंचाण्णव वेळा बदलत असेल, तर शिक्षेनंतरचा वकील हा न्यायप्रक्रियेचा गाभा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

या अहवालानंतर संस्थेने संशोधनाबरोबर प्रत्यक्ष बचावाचे काम हाती घेतले. मोफत विधी साहाय्याच्या अनुच्छेद ३९ अ वरूनच ‘प्रोजेक्ट ३९ ए’ हे नाव आले. सर्वोच्च न्यायालयाच्या ६० निवृत्त न्यायाधीशांच्या मुलाखतींवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये आला. दिल्ली, मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या तीन राज्यांतल्या सत्र न्यायालयांच्या फाशीच्या २१५ निकालांचा अभ्यास २०२० मध्ये आला. फाशीच्या ८८ कैद्यांच्या मानसिक आरोग्याचा अभ्यास २०२१ मध्ये आला. त्यात तपासणी झालेल्यांपैकी सुमारे ६२ टक्के कैद्यांना किमान एक मानसिक आजार असल्याचे आढळले. २०१९ पासून येरवडा आणि नागपूर मध्यवर्ती कारागृहांतल्या कच्च्या कैद्यांसाठी वकील आणि समाजकार्यकर्ते यांनी जोडीने काम करण्याचा उपक्रमही या संस्थेने चालवला. २०२५ मध्ये हाच चमू हैदराबादच्या नाल्सार विधी विद्यापीठात ‘द स्क्वेअर सर्कल क्लिनिक’ या नावाने काम करू लागला. नाव आणि पत्ता बदलला तरी कामाची पद्धत तीच राहिली. तरुण वकील आणि समाजकार्याचे पदवीधर यांना एकत्र बसवून, एकेका कैद्याची फाइल हाती देऊन, शिक्षेनंतरच्या बचावाचे काम त्यांच्या अंगवळणी पाडायचे, ही ती पद्धत.

या शिक्षणात नेमके काय येते, हे सांगितले पाहिजे. सर्वांत आधी येते ती खटल्याची संपूर्ण कागदपत्रे पुन्हा वाचण्याची शिस्त. त्यात पंचनामे, ओळख परेड, रासायनिक विश्लेषणाचे अहवाल आणि डीएनए यांत खालच्या न्यायालयात न विचारलेला प्रश्न शोधायचा असतो. मग येतो कैद्याच्या आयुष्याचा शोध. कैद्याशी एकदा नाही, अनेकदा भेटून, आईवडील, भावंडे, शिक्षक, शेजारी, जुने मालक यांच्याशी बोलून, शाळेचे, दवाखान्याचे, तुरुंगातल्या वर्तनाचे कागद गोळा करून शिक्षा सौम्य करणाऱ्या परिस्थितीचा वृत्तांत तयार करायचा असतो. मानसोपचारतज्ज्ञ आणि मानसशास्त्रज्ञ यांच्या अहवालांचा अर्थ लावायला शिकावे लागते. दयेच्या अर्जात कोणती माहिती जावी, तो अर्ज सरकारी टेबलांवर कुठे रेंगाळतो आणि वॉरंट निघाल्यावर किती दिवस हातात उरतात, हेही कळावे लागते. अमेरिकेच्या वकील संघटनेने २००३ साली सुधारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत फाशीच्या प्रत्येक प्रकरणात दोन वकील, एक तपासनीस आणि आरोपीच्या आयुष्याचा शोध घेणारा एक तज्ज्ञ असा चमू असावा असे म्हटले आहे. आफ्रिकेतल्या मलावी देशात खुनासाठी सक्तीची फाशी २००७ साली घटनाबाह्य ठरली. तेव्हा जुन्या कैद्यांच्या शिक्षेचा फेरविचार करण्यासाठी वकिलांनी विधीचे विद्यार्थी आणि पॅरालीगल कार्यकर्ते गावोगाव पाठवले, कैद्यांच्या आयुष्याची माहिती गोळा करून न्यायालयापुढे ठेवली, आणि शंभराहून अधिक कैदी मुक्त झाले. तो देश आपल्याहून गरीब आहे. तिथे हे काम झाले ते पैशाच्या बळावर नाही, शिकवलेल्या माणसांच्या पायपिटीवर.

शाळेच्या रजिस्टरमधला पुरावा

या संस्थेने लढवलेल्या खटल्यांत पुण्याच्या दृष्टीने सर्वांत बोलका खटला १९९४ सालचा आहे. त्या वर्षीच्या ऑगस्ट महिन्यात पुण्यात एकाच कुटुंबातल्या सात जणांचे हत्याकांड झाले आणि सारे शहर हादरले. १९९८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने आरोपींना फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली, सप्टेंबर २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही शिक्कामोर्तब केले. आरोपींपैकी एक जण राजस्थानातल्या बिकानेर भागातल्या खेड्यातून आला होता आणि त्याच्यावर सज्ञान म्हणून खटला चालला होता. त्याच्या गावच्या शाळेतल्या रजिस्टरमध्ये वेगळ्या नावाने त्याची नोंद होती, आणि त्या नोंदीप्रमाणे गुन्ह्याच्या वेळी त्याचे वय बारा वर्षे सहा महिने होते. तीन न्यायालये झाली, पुनर्विचार झाला, वर्षांमागून वर्षे गेली, आणि तो कागद राजस्थानातल्या शाळेत तसाच पडून राहिला. अखेर वयाचा मुद्दा नीट उभा राहिला. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुण्याच्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांना चौकशी करायला सांगितले, आणि २७ मार्च २०२३ रोजी न्यायालयाने तो गुन्ह्याच्या वेळी बालक होता हे मान्य करून त्याच्या सुटकेचा आदेश दिला. तोवर त्याची अठ्ठावीस वर्षे तुरुंगात गेली होती. बालकाला फाशी देता येत नाही, हा कायदा स्पष्ट होता. युक्तिवादाचे कौशल्यही फारसे लागणार नव्हते. लागणार होता तो कोणीतरी त्या शाळेत जाऊन रजिस्टर उघडून पाहणारा माणूस.

नाशिकचा खटला याहून वेदनादायक आहे. ५ जून २००३ च्या रात्री नाशिकजवळच्या पेरूच्या बागेत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला, माणसे मारली गेली, बलात्कार झाला. भटक्या जमातीतले सहा जण पकडले गेले. २००६ साली नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी दिली, २००७ साली उच्च न्यायालयाने त्यांपैकी तिघांची फाशी जन्मठेपेवर आणली, आणि २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सहाही जणांना फाशी दिली. २०१४ मध्ये मोहम्मद आरिफ निकालाने फाशीच्या प्रकरणातली पुनर्विचार याचिका तीन न्यायाधीशांनी खुल्या न्यायालयात ऐकावी, असा नियम घालून दिला. त्यानंतर या प्रकरणाकडे पुन्हा पाहिले गेले. ऑक्टोबर २०१८ मध्ये न्यायालयाने आपलाच २००९ चा निकाल मागे घेतला आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष ठरवले. प्रत्यक्षदर्शी महिलेने घटनेनंतर लगेच पोलिसांच्या छायाचित्रांतून दुसऱ्याच चौघांना ओळखले होते. ही गोष्ट तपासाच्या कागदांत होती, पण तिचा विचार झाला नव्हता. न्यायालयाने प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि चुकार पोलीस अधिकाऱ्यांवर कारवाईचा आदेश दिला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासानंतर हे घडले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ज्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले आणि १९५२ साली ज्यांच्यावरचा तो शिक्का कायद्यातून निघाला, त्या समाजांवरचा संशय अजून निघालेला नाही, हे या खटल्याने दाखवले. दौंड, शिरूर आणि शेजारच्या श्रीगोंद्यात पारधी आणि इतर भटक्या समाजांच्या वस्त्या आहेत. इथल्या वकिलाने हा निकाल वाचला नसेल तर त्याचे शिक्षण अपुरे आहे, असे मी स्पष्ट म्हणतो.

दयेचा अर्ज आणि वॉरंट

शिक्षा योग्य ठरल्यानंतरही वकिलाचे काम संपत नाही, हे येरवड्याच्या दोन प्रकरणांनी दाखवले. पुण्याजवळ गहुंजे इथे २००७ साली एका तरुणीवर बलात्कार करून तिचा खून झाला होता. त्या प्रकरणातल्या दोघांची फाशी मे २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. २०१७ साली राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज फेटाळला. तरी पुण्याच्या सत्र न्यायालयातून वॉरंट निघाले ते एप्रिल २०१९ मध्ये, आणि फाशीची तारीख ठरली २४ जून. वकील युग चौधरी यांनी ही दिरंगाई मुंबई उच्च न्यायालयापुढे मांडली. जून २०१९ मध्ये फाशी थांबली आणि २९ जुलैला ती रद्द होऊन पस्तीस वर्षांची कैद झाली. ९ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा निर्णय कायम ठेवला. एवढ्यावर न थांबता देशभरासाठी नियम घालून दिले : दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष ठेवावा, कैद्याला वॉरंट मिळाल्यावर फाशीपूर्वी पूर्ण पंधरा दिवस द्यावेत, आणि त्याला विधी साहाय्य हवे आहे का हे तुरुंग प्रशासनाने पाहावे. कोल्हापूरच्या बालहत्या प्रकरणातल्या दोन बहिणींची फाशीही दयेच्या अर्जावरच्या सात वर्षे दहा महिन्यांच्या विलंबामुळे जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेपेवर आणली. त्याआधी २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालाने सांगून ठेवले होते की अकारण विलंब, मानसिक आजार आणि एकांतवास ही शिक्षा कमी करण्याची कारणे ठरू शकतात. हे निकाल एका रात्रीत तयार होत नाहीत. कोणती फाइल कोणत्या कार्यालयात किती दिवस होती, याचा तारीखवार हिशेब माहिती अधिकारातून कागद मागवून ठेवणारा वकील लागतो, तेव्हा ते होतात.

गेल्या काही वर्षांत ही वाट आणखी रुंद झाली आहे आणि तिच्या जवळपास प्रत्येक वळणावर महाराष्ट्रातला खटला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अमरावती जिल्ह्यातल्या राजेंद्र वासनिक प्रकरणात न्यायालयाने सांगितले की कैदी सुधारण्याची शक्यता आहे की नाही हे पुराव्याने पाहिले पाहिजे. एप्रिल २०१९ मध्ये नाव गुप्त ठेवून दिलेल्या महाराष्ट्रातल्याच एका निकालात शिक्षेनंतर उद्भवलेला गंभीर मानसिक आजार हे फाशी रद्द करण्याचे कारण ठरले. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या मनोज प्रकरणात कैद्याची सामाजिक आणि मानसिक पार्श्वभूमी खटल्याच्या टप्प्यावरच गोळा करण्याचे नियम आले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये नागपूरच्या वसंता दुपारे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की शिक्षा अंतिम झालेली असली तरी हे नियम पाळले गेले नसतील तर अनुच्छेद ३२ खाली पुन्हा दाद मागता येते. देशात २०२४ च्या अखेरीस ५६४ कैदी फाशीच्या शिक्षेखाली होते. त्यांच्यातल्या अनेकांसाठी हे दार उघडले आहे, पण त्यातून आत जायला हवा आयुष्याचा वृत्तांत, आणि तो गोळा करणारी माणसे अजून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत.

आक्षेप आणि उत्तरे

या कामावर पहिला आणि सर्वांत मनाला भिडणारा आक्षेप पीडितांच्या बाजूने येतो. ज्यांची लेक गेली, ज्यांचे घर उजाडले, त्यांच्यासाठी कोण प्रशिक्षण घेतो, असे विचारले जाते. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका मुलीवर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर आपल्या शेजारच्या जिल्ह्यातून उठलेला संताप खोटा नव्हता. त्या प्रकरणात नोव्हेंबर २०१७ मध्ये तिघांना फाशी झाली तेव्हा अनेकांना न्याय मिळाल्यासारखे वाटले, आणि तेही समजण्यासारखे आहे. पण बचाव आणि पीडितांचा हक्क यांना एकमेकांविरुद्ध उभे करणे चूक आहे. नाशिकच्या प्रकरणात सहा निरपराध माणसे तुरुंगात होती, तेवढी सोळा वर्षे त्या कुटुंबाचे खरे मारेकरी शोधलेच गेले नाहीत. चुकीच्या माणसाला फाशी देऊन पीडितांना न्याय मिळत नाही, उलट तपास कायमचा बंद होतो. पीडितांना भरपाई, समुपदेशन आणि खटल्याची वेळेवर माहिती मिळाली पाहिजे, आणि ती मिळवून देण्याची जबाबदारीही विधी सेवा प्राधिकरणावरच आहे. मनोधैर्य योजना त्याचसाठी आहे. एकच यंत्रणा दोघांचीही आहे. तिला एका कामात बळ दिले म्हणून दुसरे काम कमी होत नाही.

दुसरा आक्षेप असा की एवढी न्यायालये आणि एवढे न्यायाधीश असताना चूक राहीलच कशी. याचे उत्तर वरच्या खटल्यांत आलेच आहे. पुण्याच्या खटल्यात तिन्ही न्यायालयांनी समोरच्या कागदांवर निर्णय दिला. शाळेचे रजिस्टर समोर नव्हते. न्यायाधीश पुरावा तपासतात, तो शोधायला बाहेर जात नाहीत, आणि जाणे अपेक्षितही नाही. न्यायालये जितकी अधिक, तितकी एकच अपुरी फाइल अधिक वेळा वाचली जाते, एवढेच त्यातून निष्पन्न होते. तिसरा आक्षेप विलंबाचा आहे, की हे वकील केवळ वेळ काढतात आणि मग त्या वेळेचाच फायदा मागतात. गहुंजे प्रकरणाचा कालक्रम पाहिला तर हा आरोप उलटा आहे हे कळते. न्यायालयाने मोजला तो सरकारी कार्यालयांत आणि न्यायालयीन दप्तरात गेलेला वेळ होता, कैद्यांनी घेतलेला नव्हता. शिवाय भारतीय नागरिक सुरक्षा संहिता जुलै २०२४ पासून लागू झाली आहे. त्यात दयेचा अर्ज करण्यासाठी कैद्याला तीस दिवसांची मुदत आहे. तीस दिवसांत नीट अर्ज करायचा तर कैद्याच्या आयुष्याचे कागद आधीच तयार हवेत. प्रशिक्षित वकील विलंब वाढवत नाही, तो अर्ज वेळेत आणि एकदाच नीट करतो.

चौथा आक्षेप वकिलांच्याच वर्तुळातून येतो आणि त्यात तथ्य आहे. खटल्याच्या टप्प्यावर चांगले वकील दिले तर पुढची धावपळच वाचेल, मग शिक्षा झाल्यानंतरच्या कामात शक्ती का घालवायची? सर्वोच्च न्यायालयाने २०१९ च्या अनोखीलाल निकालात म्हटलेच आहे की फाशी होऊ शकणाऱ्या प्रकरणात विधी साहाय्याचा वकील किमान दहा वर्षे अनुभवाचा असावा आणि त्याला तयारीसाठी किमान सात दिवस मिळावेत. पण खटल्यात काय राहून जाते, हे शिक्षेनंतरच्या कामातूनच कळते. रजिस्टर न पाहिल्याची किंमत अठ्ठावीस वर्षे असते, हे ज्याने वाचले आहे तो वकील पहिल्याच तारखेला आरोपीच्या शाळेचा दाखला मागवतो. शिक्षेनंतरची वकिली आणि खटल्यातली वकिली एकाच विहिरीचे पाणी आहे. खालचा झरा स्वच्छ केला तर वरचे पाणीही स्वच्छ होते. पाचवी अडचण उघडपणे फारशी बोलली जात नाही, ती म्हणजे समाजाचा रोष. काही ठिकाणी वकील संघटनांनी विशिष्ट आरोपींची वकीलपत्रे न घेण्याचे ठराव केले. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये असे ठराव बेकायदा ठरवले. मुंबईवरच्या हल्ल्यातल्या अजमल कसाबलाही उच्च आणि सर्वोच्च न्यायालयात वकील दिला गेला, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये येरवड्यात त्याला झालेली फाशी बचावाची पूर्ण संधी मिळाल्यानंतरची होती. त्या शिक्षेची विश्वासार्हता त्या बचावातूनच आली.

यवतच्या दारातले काम

आता या सगळ्याचा यवतशी संबंध काय, ते सांगतो. पुणे-सोलापूर रस्त्यावरचा हा भाग माणसांच्या येण्याजाण्याचा आहे. कुरकुंभ आणि रांजणगावच्या औद्योगिक वसाहतींत, गुऱ्हाळांवर, वीटभट्ट्यांवर आणि ऊसतोडीला मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थानातून माणसे येतात. अशा माणसावर गंभीर गुन्ह्याचा आरोप आला, तर त्याची शाळा, दवाखाना, नातलग सगळे शेकडो मैल दूर असते. पुण्याच्या १९९४ च्या खटल्यातल्या मुलाची स्थिती नेमकी हीच होती. उलट, इथला माणूस दूरच्या तुरुंगात असेल तर त्याचे कागद इथल्या जिल्हा परिषद शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदीत आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरात असतात. दोन्ही दिशांनी हा शोध तालुक्यातूनच जातो. फाशीची प्रकरणे आपल्या तालुक्यात फारशी येत नाहीत, हे खरे. पण या कामासाठी लागणारी शिस्त जन्मठेपेच्या, बालकांच्या आणि मनोरुग्ण आरोपींच्या प्रत्येक खटल्यात उपयोगी पडते.

म्हणून सूचना ठोस आहेत. गंभीर खटल्यांत नेमलेल्या प्रत्येक वकिलाने पहिल्या महिन्यातच आरोपीच्या वयाचा, शिक्षणाचा आणि आजारपणाचा कागद मिळवावा आणि फाइलमध्ये ठेवावा, अशी तालुका विधी सेवा समितीची रीत असावी. खटला तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून मुंबईला जाताना ही माहिती पुढच्या वकिलाच्या हाती लेखी जावी, कारण अहवालातल्या ६८ टक्के कैद्यांची तक्रार मुळात ही साखळी तुटल्याची आहे. वकिलाबरोबर समाजकार्याचा विद्यार्थी असावा. पुण्यात कर्वे समाजसेवा संस्थेसारख्या संस्था आणि आय. एल. एस. सारखे शंभर वर्षांचे विधी महाविद्यालय असताना हे अशक्य नाही. आणि वर्षातून एकदा या निकालांचे, नाशिकच्या, पुण्याच्या, अमरावतीच्या आणि नागपूरच्या निकालांचे, तालुक्याच्या वकिलांनी एकत्र बसून मराठीत वाचन करावे. प्रोजेक्ट ३९ ए ने दिल्लीत सुरू केलेल्या कामाने दाखवून दिले की मृत्युदंडाच्या सावलीतल्या माणसाचा बचाव हे शिकता येणारे, शिकवता येणारे आणि मोजता येणारे काम आहे. त्या कामाचे पुढचे दशक किती माणसांना न्याय देईल, हे दिल्लीतल्या वकिलांच्या संख्येवर जितके अवलंबून आहे, त्याहून अधिक ते यवत, दौंड आणि शिरूरसारख्या ठिकाणी पहिले वकीलपत्र घेणारा वकील किती सज्ज आहे यावर अवलंबून आहे. राज्य एखाद्याचा जीव घेण्याचा अधिकार स्वतःकडे ठेवते, तोवर त्या माणसाविषयी सारे काही शोधून न्यायालयापुढे ठेवण्याचे कर्तव्य आपल्या वकिली व्यवसायावर आहे, आणि ते पार पाडण्याची तयारी इथूनच सुरू झाली पाहिजे.